गांजा सोडायचाय, कोल्हापुरात सोबतीला कोण आहे काय?

कट्टा_सोडायचाय
नमस्कार मंडळी. नवीन आयडी काढलाय मुद्दाम, कारण जुन्या आयडीवरनं मला निम्मं कोल्हापूर ओळखतंय आणि उरलेलं निम्मं माझ्या वडलांना ओळखतंय. वय २८, घर शिवाजी पेठेत, काम गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी मशीनवर. गांजा ओढतोय ८ वर्षं. पुण्यात शिकायला होतो तेव्हा हॉस्टेलवर सुरू झालं, तिथं शनिवार-रविवार होतं, इथं परत आल्यावर रंकाळ्यावर ग्रुप जमला आणि रोज संध्याकाळ झाली, मग लॉकडाऊनमध्ये सकाळपण झाली. आता उठल्यावर चहाच्या आधी गच्चीवर अर्धा जॉइंट लागतोय, नाहीतर कामात हात बसत नाही. महिन्याला ५-६ हजार जातात ते सोडा, गेल्या महिन्यात सेकंड शिफ्टला ऑफसेट चुकीचा टाकला आणि टूल जाऊन धडकलं, जॉब स्क्रॅप. कोणाला लागलं नाही एवढंच. सुपरवायझर म्हटले झोप झाली नाही काय रे, मी म्हटलं व्हय.

सोडायला पाच-सहा वेळा बघितलंय. सगळ्यात जास्त टिकलो ते आज्जी गेली तेव्हा, १३ दिवस, सुतक होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं, बाहेर पडायलाच मिळालं नाही. चौदाव्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर हजर. त्याची लाज मला अजून वाटते, आज्जीपेक्षा कट्टा जवळचा निघाला.

एका डॉक्टरकडं पण गेलतो, नाव नको. ते म्हटले गांजाचं व्यसन लागत नसतं, मनावर घे, पळायला जा, लग्न कर. फी घेतली आणि सोडलं.

तर मला विचारायचंय ते हे, की कोल्हापुरात किंवा आसपास अशी जागा आहे काय जिथं सोडलेली नाहीतर सोडू बघणारी माणसं एकत्र बसतात. दवाखाना नको असं नाही, पण मला माणसं पाहिजेत, ज्यांना सांगितल्यावर 'अरे गांजाच तर आहे' नाहीतर 'अरे बापरे गांजा' या दोन्हीतलं काही म्हणणार नाहीत. भीती दोन आहेत. एक, ओळखीचं कोणतरी भेटणारच, हे कोल्हापूर आहे. दोन, तिथं ब्राऊन शुगरवाली, इंजेक्शनवाली माणसं असणार, त्यांच्यात जाऊन मी आपलं गांजा गांजा करायचं म्हणजे हसतील की.

दूधकट्टा_रात्री११
भावा पहिलं हे सांग, आज ओढलास काय? नसशील तर भारी, ओढला असशील तरी धागा काढलास ते भारी.

माझे १६ महिने झालेत. त्याआधी ११ वर्षं, चिलीम, जॉइंट सगळं. तू विचारालायस त्याचं नाव नार्कोटिक्स ॲनॉनिमस, सगळे एनए म्हणतात. अमेरिकेत १९५३ ला सुरू झालं, भारतात पण कधीपासनं आहे. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, रजिस्टर नाही, आडनाव कोण विचारत नाही. शेवटी एक पिशवी फिरते, त्यात १० टाक, २० टाक, नाही टाकलास तरी कोण बघत नाही, खोलीचं भाडं आणि चहा त्यातनं निघतो. तासाभराची नाहीतर दीड तासाची मीटिंग. एकेक जण बोलतो, मधी कोण तोडत नाही, सल्ला देत नाही, पहिल्यांदा मला हेच विचित्र वाटलेलं, आपल्याकडं कोण काय बोललं की चार जण सल्ला घेऊन तयार असतात (हा धागा धरून).

तुझ्या दुसऱ्या भीतीचं सांगतो. एनएत कुठला पदार्थ, किती, कोणाकडनं आणायचास, हे महत्त्वाचं धरत नाहीत. एकच अट, सोडायची इच्छा पाहिजे. माझ्या बाजूला बसणारा इंजेक्शनमधनं आलेला माणूस आहे, त्यानं मला पहिल्या दिवशी विचारलं, सकाळी उठल्यावर पहिला विचार कशाचा येतो? मी म्हटलं पुडीत किती शिल्लक आहे त्याचा. तो म्हटला मग बस की, माझापण तोच यायचा.

आणि पहिल्या भीतीचं ऐक. मी पण पेठेतलाच, मंगळवार पेठ. ओळखीचं कोण भेटू नये म्हणून पहिल्या चार मीटिंगा मी मिरजेला जाऊन केल्या, पॅसेंजरनं, घरात सांगायचं मित्राकडं चाललोय. चौथ्या वेळेला दार उघडून आत गेलो तर समोर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. दोघंपण थिजलो. मग कळालं तो दोन वर्षं झाली माझ्यासारख्यांना चुकवायला मिरजेला येत होता. आता दोघं एका गाडीवर जातो, पेट्रोल निम्मं निम्मं.

हरहर_भोला
कशाला एवढं मनावर घेताय राव. झाडपाला आहे, महादेवाचा प्रसाद आहे, साधू लोक ओढतात. दारूनं माणसं मरतात, गांजानं कोण मेलं ते दाखवा. कंट्रोलमध्ये ओढा म्हणजे झालं.

तांबडा_आधी_पांढरा_नंतर
भोलाशेठ, तो कंट्रोलमध्ये ओढता येत नाही म्हणूनच विचारतोय न्हवं. डायबेटीसवाल्याच्या धाग्यावर जाऊन जिलेबी नैसर्गिक आहे म्हणून सांगताय काय. महादेवाला हलाहलपण पचतं, आपल्याला परवाची मिसळ पचत नाही.

ओपीडी_संपत_नाही
मी मानसोपचारात शिकतेय, कुठल्या कॉलेजला ते राहू दे. कट्टा_सोडायचाय, तुम्हाला त्या डॉक्टरांनी सांगितलं ते चुकीचं आहे. गांजाचं व्यसन लागतं, आणि बंद केल्यावर शरीर-मन कुरकुर करतं हेही आता सगळीकडे मान्य आहे, २०१३ साली डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, गांजाचं विथड्रॉवल वेगळं निदान म्हणून घेतलं गेलं. एम्सच्या केंद्रानं देशभर पाहणी केली होती, २०१९ मध्ये अहवाल आला, त्यात वर्षभरात भांग-गांजा-चरस घेतलेले लोक साधारण ३.१ कोटी होते आणि त्यातल्या सुमारे ७२ लाखांना त्याचा त्रास मदत लागावी इतपत होता. म्हणजे ओढणारा प्रत्येक जण अडकत नाही हे खरं, पण अडकणारे थोडके नाहीत. तुम्ही एकटे तर नाहीच नाही.

काय होईल ते आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाही. पहिल्या एक ते तीन दिवसांत चिडचिड, बेचैनी, घाम, भूक मेल्यासारखी. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, दोन आठवड्यांत बरंचसं उतरतं. झोप मात्र महिनाभरही नीट न लागणं शक्य आहे आणि स्वप्नं पडतील, फार ठळक, विचित्र, घाम फुटून उठाल. गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो, तो काढला की ती उसळी मारते. वेड लागत नाहीये हे स्वतःला सांगा. गांजाची तलफ मारणारं खास औषध अजून मंजूर झालेलं नाही, पण झोपेला, घबराटीला डॉक्टर मदत करू शकतात. सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, दसरा चौकाजवळ, केसपेपर काढायचा आणि बसायचं, थांबावं लागतं, पण तिथे कोणी लग्न कर म्हणणार नाही.

दोन गोष्टींत मात्र ग्रुपवर भागवू नका, आधी डॉक्टर. कानात आवाज येतायत, लोक आपल्याविरुद्ध काही करतायत असा पक्का संशय येतोय, किंवा जीव नकोसा वाटतोय. आणि सोबत रोजची दारू असेल तर ती एकदम स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, त्यात फिट येऊ शकते. रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस १४४१६, मराठीत बोलतात, फुकट आहे. व्यसनासाठी सरकारची वेगळी हेल्पलाइन १४४४६.

अजून एक, जॉइंटमध्ये तंबाखू मिसळता का?

कट्टा_सोडायचाय
हो डॉक्टर, निम्मी निम्मी. सिगारेट मोकळी करून. नुसती कधीच ओढली नाही.

ओपीडी_संपत_नाही
मग तुम्ही दोन व्यसनं एका कागदात गुंडाळताय. तलफ येईल तेव्हा ती गांजाची का निकोटीनची हे कळणारच नाही. बरेच जण गांजा सोडून सिगारेट वाढवतात, आणि सिगारेट हातात आली की कागद आठवतो. तंबाखूसाठी क्विटलाइन आहे, १८००-११२-३५६. निकोटीनच्या च्युइंगगमबद्दल ओपीडीत विचारा.

गंगावेशीतले_काका
चिरंजीव, माझं वय ६३. मी दारूतला. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये १९ वर्षं झाली, तेव्हापासून घोट घेतला नाही. एनए एएच्याच पायऱ्यांवरून निघालं, बारा पायऱ्या म्हणजे सुटायला एकेक करून करायच्या गोष्टी, बारा परंपरा म्हणजे ग्रुप चालवायचे नियम, फरक पदार्थाचा.

तुमच्या वेळेला एनएची मीटिंग जवळ मिळत नसेल तर एएच्या ओपन मीटिंगला या. ओपन म्हणजे कोणीही येऊन बसू शकतो, क्लोज्ड फक्त दारूवाल्यांसाठी. तिथं तुम्ही तुमच्या गांजाचं सविस्तर बोलायचं नाही हा शिष्टाचार, पण ऐकायला कोणी अडवत नाही. नाव दारूचं असलं तरी खोटं बोलायच्या तऱ्हा सगळ्यांच्या सारख्याच. मी बायकोला सांगायचो मंडळाची मीटिंग आहे. तुम्ही सुपरवायझरला झोपेचं सांगितलंत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन वेळा त्या इमारतीवरनं सायकल पुढं नेली. चौथ्या वेळेला पाऊस आला म्हणून आत शिरलो. देव-बिव मानत नसाल तरी चालतं, आमच्यात एक जण रिटायर्ड मास्तर आहेत, कट्टर नास्तिक, ते म्हणतात माझी उच्च शक्ती म्हणजे ही खोली आणि तुम्ही बारा जण.

पायरी_नको_शिडी_द्या
काकांचा मान ठेवून बोलतो, मला ते जमलं नाही. पहिल्याच पायरीतलं 'मी शक्तिहीन आहे' हे घशाखाली उतरेना. ज्यांना माझ्यासारखं होतं त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरी म्हणून आहे, १९९४ पासनं, त्यात देव नाही, पायऱ्या नाहीत, सीबीटीवर चालतं, म्हणजे डोक्यात येणारा विचार कागदावर मांडून त्याला प्रश्न विचारायचे. ऑनलाइन मीटिंगा असतात, इंग्रजीत. मला त्यातली एक ट्रिक लै उपयोगी पडली, तलफ आली की मोबाइलवर २० मिनिटांचा टायमर लावायचा आणि तोवर दुसरं काहीतरी करायचं, तलफ चढते आणि उतरते, चढतच राहत नाही. मी भांडी घासायचो. आई म्हटली ह्याला झालंय काय.

पण खरं सांगायचं तर स्क्रीनवरच्या माणसाला रात्री बारा वाजता 'दूध प्यायला येतोस काय' म्हणता येत नाही. ते एनएवाल्यांचं बरं आहे.

निनावी_ताई
हा धागा वाचून आयडी काढली. मी बाई आहे, ३४, आयटीत, पुण्याहून वर्क फ्रॉम होम घेऊन कोल्हापुरात आले. गांजा ५ वर्षं, आता ७ महिने बंद. बाईनं असं लिहिलं की लोक आधी 'मुली पण?' म्हणतात, तर हो, मुली पण.

मला इथल्या मीटिंगला जायची हिंमत झाली नाही, सगळे पुरुष असतील तर काय बोलणार. मला मारिजुआना ॲनॉनिमस सापडलं. फक्त गांजावाल्यांचं, १९८९ ला कॅलिफोर्नियात सुरू झालेलं, बारा पायऱ्या त्याच. ऑनलाइन मीटिंगा जवळजवळ सतत कुठे ना कुठे चालू असतात, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो, बायकांच्या वेगळ्यापण असतात. त्यांच्याकडची संध्याकाळी ७ ची मीटिंग म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात नाहीतर साडेआठ, त्यांची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात म्हणून. दादा, तुम्ही म्हणालात चहाच्या आधी गच्चीवर जाता. मीपण तसंच. मग मी त्या वेळेला मीटिंग लावायला लागले. कानात हेडफोन, हातात चहा, समोर ओरेगॉनमधली साठीची एक बाई तिच्या मांजराबद्दल आणि ३० वर्षांच्या गांजाबद्दल बोलतेय. इंग्रजी अडखळत बोलले पहिल्यांदा, कोणी हसलं नाही.

ज्या बायकांना राहून उपचार घ्यायचेत त्यांच्यासाठी पुण्यात मुक्तांगणचा 'निशिगंध' विभाग आहे, फक्त स्त्रियांचा.

शाहूपुरीची_आई
बाळा, मी आई म्हणून लिहितेय. माझा मुलगा गांजातनं बाहेर आलाय, तीन वर्षं झाली, पण आमच्या हातनं एक चूक झाली ती सांगते म्हणजे तुझ्या घरच्यांकडनं होऊ नये. कोणीतरी नंबर दिला म्हणून आम्ही एका केंद्राला फोन केला, नाव घेत नाही, कोल्हापुरातलं नव्हे. चार माणसं गाडी घेऊन आली आणि पहाटे पोराला उचलून नेलं. तीन महिने भेट नाही, फोन नाही. परत आला तेव्हा गांजा सुटलेला, पण माझ्याकडं बघायचासुद्धा नाही. दोन महिन्यांत परत सुरू. मला नंतर कळालं की २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, त्यात साखळीनं बांधणं, मारणं चालत नाही, घरच्यांना भेटायचा, फोन करायचा हक्क आहे. केंद्राची नोंदणी आहे का बघा, आत जाऊन जागा बघा, डॉक्टर रोज येतो का विचारा, आणि भेटू देत नाही म्हटले की तिथनंच माघारी या.

दुसऱ्यांदा तो स्वतःहून पुण्याला मुक्तांगणला गेला. १९८६ पासनंचं आहे, अनिल अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेलं, पु. लं.नी देणगी दिलेली. तिथं समजवणारी बरीच माणसं स्वतः व्यसनातनं उठलेली, म्हणून त्यांना फसवता येत नाही, पोरगं म्हणायचं आई तिथं माझी एक थाप चालली नाही. तिथं बायकांसाठी 'सहचरी' म्हणून गट आहे, व्यसनी माणसाच्या बायकोनं कोणाशी बोलायचं, म्हणून. आईंनीपण कोणाशी तरी बोलावं. मी पाच वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं, नणंदेला सांगायचे तो बंगलोरला ट्रेनिंगला गेलाय.

तू घरी सांगितलंयस का? सांगितलं नसशील तर एकाला तरी सांग.

कट्टा_सोडायचाय
काकू, घरी नाही सांगितलं. वडील हार्टचे पेशंट. बहिणीला सांगेन म्हणतो.

सगळ्यांना थँक्यू, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. एकच शंका, नाव लागलं कुठं तर पोलिसांचं लफडं व्हायचं नाही ना? दवाखान्यात गांजा ओढतो म्हणून सांगायचं म्हणजे आपणच कबूल केल्यासारखं.

बिनकोटाचा_वकील
सगळ्यांना हीच भीती असते म्हणून लिहितो. एनडीपीएस हा अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा, त्यात गांजाचं सेवन हा गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे खरं. पण त्याच कायद्यात ६४अ कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो, उपचार अर्धवट सोडले तर सूट काढूनपण घेता येते. म्हणजे कायदाच म्हणतोय की बाबा दवाखान्यात जा. आणि २०१७ च्या कायद्यानं तुमची उपचाराची माहिती गुप्त ठेवायला डॉक्टर बांधलेला आहे. पोलिसांची भीती ज्याच्याकडनं पुडी आणताय तिथं जास्त आहे, ओपीडीच्या बाकड्यावर नाही.

कट्टा_सोडायचाय
दिवस ४. म्हटलं कळवावं. घरातलं सगळं, कागद, क्रशर, राहिलेला माल, रात्री फ्लश केलं. क्रशर फ्लश होत नाही, ते कचऱ्याच्या गाडीत टाकलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं होतंय. काल स्वप्नात आज्जी रंकाळ्यात पोहत होती आणि मला हाका मारत होती, रात्री ३ ला उठून बसलो, बनियन भिजलेलं. जेवण जात नाही, पांढरा रस्सा ताटात तसाच राहिला तेव्हा आई म्हटली डॉक्टरला दाखवू. शेवटी बहिणीला सांगितलं. ती रडली नाही, चिडली पण नाही, म्हटली मला तीन वर्षं झाली वास येतोय.

दूधकट्टा, तुझा मेसेज आला, रविवारी येतो. मिरज नको, इथलीच बघू, जे व्हायचं ते होऊ दे.

दूधकट्टा_रात्री११
ये. पत्ता इथं टाकत नाही, मेसेजमध्ये टाकलाय. बाकी कोणाला पाहिजे तर एनएच्या वेबसाइटवर शहर टाकलं की मीटिंग निघतात, पण जायच्या आधी तिथल्या नंबरवर एक फोन कर, वार आणि जागा बदलतात कधी कधी.

कट्टा_सोडायचाय
दिवस ८. रविवारचं सांगतो. काकांसारखंच झालं, सहाच्या मीटिंगला साडेपाचला पोचलो आणि समोरच्या केएमटीच्या स्टॉपवर बसून राहिलो, तीन बस सोडल्या. दूधकट्टा बाहेर येऊन बाजूला बसला, काय बोलला नाही, शेंगदाण्याची पुडी पुढं केली. मग गेलो.

आत ९ जण. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंख्याचा आवाज, भिंतीवर पायऱ्या लावलेल्या. मला वाटलेलं सगळे खंगलेले असतील, तर एक जण माझ्यापेक्षा चांगला शर्ट घालून आलेला, एक रिक्षावाले मामा, एक पोरगं कॉलेजचं. नवीन कोण आहे विचारलं, मी हात वर केला, नाव सांगितलं आणि पुढचं वाक्य काय येईना. दोन मिनिटं तसाच. मग म्हटलं मी आज्जीच्या चौदाव्या दिवशी ओढली. एवढंच बोललो. कोणी अरेरे केलं नाही, कोणी समजावलं नाही, पुढचा माणूस बोलायला लागला. नंतर रिक्षावाले मामा म्हटले मी बापाच्या तिसऱ्याच दिवशी. त्या दोन शब्दांनी मला जे झालं ते लिहिता येत नाही.

नवीन माणसाला देतात तो पांढरा टॅग मिळालाय, किल्लीला लावलाय. आई म्हटली हे कुठल्या बँकेचं.

दूधकट्टा_रात्री११
३० दिवसाला नारंगी, ६० ला हिरवा, ९० ला लाल. वर्षाचा अंधारात चमकतो, मी अजून रात्री लाइट घालवून बघतो, हसू नका.

फुटबॉलवेडा_१०
एक विचारू, जुन्या ग्रुपचं काय केलंस? माझं सगळं तिथंच अडतं. लहानपणापासनची पोरं आहेत, तालमीची, गणपतीची, मॅचची. गांजा सोडायचा म्हणजे दोस्त सोडायचे? ते काय वाईट नाहीत.

गंगावेशीतले_काका
वाईट नसतातच. माझा दारूतला जोडीदार अजून मला दिवाळीला फराळ पाठवतो. पण पहिलं वर्षभर मी त्याच्या दारात गेलो नाही, त्याला बोलावलं माझ्या घरी, चहाला.

कट्टा_सोडायचाय
दिवस १. हो, परत १. काल शाहू स्टेडियमवर मॅच होती, फुटबॉलवेड्याच्या प्रश्नाचं उत्तर मी असं दिलं. १९ दिवस झालेले, म्हटलं नुसती मॅच बघू, आवाज करू, येऊ. जिंकलो. रंकाळ्यावर गेले सगळे, मी पण. 'एकच झुरका, जिंकलोय मर्दा.' एकाचे चार झाले. आणि गंमत म्हणजे मजा पण आली नाही, छाती धडधडायला लागली, मी आपला गप्प संध्यामठाकडं बघत बसलतो. रात्री १ ला मामांना फोन केला (आता ते माझे स्पॉन्सर, म्हणजे अडचणीला फोन करायचा एनएतला जुना माणूस), वाटलं शिव्या घालतील. ते म्हटले जेवलास काय. मग म्हटले कुठंयस, आणि रिक्षा घेऊन आले, मीटर न टाकता. गंगावेशीत दूध पाजलं उभ्या उभ्या आणि घरी सोडलं.

टॅग परत द्यायला लागतो काय?

दूधकट्टा_रात्री११
कोण मागत नाही रे. माझ्याकडं पांढरे तीन आहेत.

ओपीडी_संपत_नाही
१९ दिवस पुसले जात नाहीत. १९ दिवस राहता येतं हे तुमच्या डोक्याला आता माहीत आहे, आधी १३ माहीत होते. मॅचच्या दिवशी पुढच्या वेळी काय करायचं हे मात्र आधी ठरवा, स्टेडियममधून निघताना कोणासोबत निघायचं एवढं जरी ठरवलं तरी.

निनावी_ताई
आणि हे इथे लिहिलंत त्याबद्दल थँक्यू. मी माझी घसरगुंडी मीटिंगमध्ये दोन आठवडे लपवली होती, ते दोन आठवडे घसरण्यापेक्षा वाईट गेले. दादा, मी आता इथल्या मीटिंगला यायचा विचार करतेय. एकटीनं नाही जमणार. बहीण तुम्हाला सोडायला येते का कधी? ती दारापर्यंत सोबत आली तर...

कट्टा_सोडायचाय
तिला विचारलं. ती म्हटली दारापर्यंत काय, बाहेर स्टॉपवर बसून राहते मीटिंग संपेपर्यंत, पुस्तक घेऊन. रविवारी पावणेसहा. मेसेज करतो ताई.

शिरोली_नाका
एवढे दिवस नुसता वाचत होतो. मी पण येऊ काय रविवारी? फाउंड्रीत आहे, शिफ्ट ५ ला सुटते, अंगावर काळं असतंय, धुवून यायला वेळ नाही मिळायचा.

कट्टा_सोडायचाय
तसाच ये. स्टॉपवर असतोय आम्ही. शेंगदाणे घेऊन ये तेवढे, दूधकट्टा निम्मे एकटाच खातो.